पावातला आलूबोंडा

मोर्शीच्या एसटी स्टँडवर परवा आलूबोंडे घेतले. कढईतून नुकतेच निघालेले, सोबत तळलेली मिरची. नातवानं बोंडा पावात दाबला आणि म्हणाला, "आबाजी, हा आपला बर्गर!" मला हसू आलं, पण लगेच माझी आजी आठवली. ती पावाला शिवतही नसे. पाव खाल्ला की माणूस बाटतो, असं तिचं ठाम मत.

ही भीती आली कुठून? पाव हा शब्द पोर्तुगिजांचा. त्यांनी विहिरीत पाव टाकून गावं बाटवली, अशा गोष्टी पूर्वी घरोघर सांगत. त्या विहिरीचं पाणी प्यायलेला माणूस जातीबाहेर! आणि मौज अशी, की आपण आवडीनं खातो ती मिरची अन् बटाटा, दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगिजांच्याच गलबतांतून इकडं आले. 'बटाटा' शब्दही त्यांचाच. आपण वऱ्हाडी तेवढे 'आलू' म्हणतो.

पावाला आपलंसं केलं ते मुंबईच्या कष्टकऱ्यांनी. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव विकायला सुरुवात केली, असं मानलं जातं. गिरणीची पाळी गाठायची, लोकल पकडायची. ताट मांडून बसायला वेळ कुणाला? एका हातात मावणारा, चार पैशांत पोट भरणारा हा घास चटकन रुजला. त्या गिरण्यांत आपल्या वऱ्हाडचा कापूस जात असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुराडी एकेक करून थंडावली. वडापाव मात्र गावोगाव पोचला. पुढं १९९६ साली मॅकडोनल्ड्स भारतात आलं. त्यांनाही इथं गोमांस बाजूला ठेवून पावात आलू टिक्कीच घालावी लागली.

साध्या पदार्थाचं एक बरं असतं. त्यात लपवायला जागा नसते. तेल जुनं असो की पाव शिळा, पहिल्याच घासाला कळतं. म्हणून तो नीट जमला, की मोठ्या हॉटेलातल्या जेवणाची आठवण होत नाही.

खेड्यांतल्या हॉटेलांत काहींची कपबशी वेगळी ठेवत, त्या काळाला फार वर्षं झालेली नाहीत. परवा त्या कढईभोवती आम्ही दहा-बारा जण उभे होतो. कोण कुणाचा, कुणीच विचारलं नाही. नातवाच्या हातातला अर्धा पाव मी घेतला. आजीची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि खाल्ला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)