सातबाऱ्याबाहेरची माणसं

माढा तालुक्यातल्या एखाद्या शेतमजूर कुटुंबाला आपल्या खापरपणजोबापर्यंत पोचायचं असेल, तर गावात मिळणारा सल्ला ठरलेला असतो : तलाठ्याकडे जा, जुने फेरफार काढ, सातबारा बघ. भीमा आणि सीना या दोन नद्यांमधल्या या ज्वारीच्या मुलखात खातेदाराला हा सल्ला उपयोगी पडतो, सालगड्याला नाही. भीमेपलीकडच्या इंदापूर तालुक्यात 1830च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीच्या मोजणीची आणि प्रतवारीची जी पद्धत बसवली, तीच पुढे दख्खनभर गेली. तिच्यात जमिनीच्या प्रत्येक नंबराला आकार, म्हणजे सारा, ठरला आणि त्या आकाराला जबाबदार असा एक खातेदार ठरला. 1903च्या कायद्यानं हक्कनोंद आली तेव्हा कूळ, वाटेकरी आणि गहाणदारही कागदावर आले. पण ज्याच्या हाती फक्त विळा होता, त्याच्याकडून सारा येणार नव्हता. त्यामुळे त्याच्यासाठी रकानाही नव्हता. यावरून पुष्कळ जण असं समजतात, की मजुराच्या घराण्याला इतिहास असला तरी पुरावा नाही. हे म्हणणं चुकीचं आहे. पुरावा आहे, पण तो जमिनीच्या दप्तरात शोधून सापडत नाही. सरकारनं किंवा गावानं त्या माणसाला ज्या ज्या ठिकाणी बांधून घेतलं, तिथल्या कागदात तो सापडतो.

हा नियम नीट कळण्यासाठी इंग्लंडकडे पाहिलं पाहिजे. तिथल्या खेड्यातल्या शेतमजुराची वंशावळ तीनतीनशे वर्षं मागे नेता येते, याचं आपल्याकडे कौतुक होतं. ते खरंही आहे. 1538 साली थॉमस क्रॉमवेलनं प्रत्येक पॅरिशला, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाला, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायला लावली. त्या वहीत जमीनदार आणि मजूर एकाच शाईनं उतरले. पण मजुराचं नाव समजणं वेगळं आणि त्याचं आयुष्य समजणं वेगळं. आयुष्य समजतं ते गरिबांच्या कायद्यामुळे. 1601च्या कायद्यानं निराधाराला पोसण्याचा भार त्याच्या पॅरिशवर टाकला आणि 1662च्या कायद्यानंतर त्याची पॅरिश कोणती, यावरून गावागावांत तंटे सुरू झाले. अविवाहित गड्यानं एका गावात सलग वर्षभर चाकरी केली, की तो त्या गावचा ठरे. म्हणून काही धनी वर्षाला थोडे दिवस कमी असतानाच त्याला मोकळं करत. मग न्यायाधीशासमोर त्या मजुराचा जबाब होई : जन्म कुठला, चाकरी कुणाकडे, लग्न कधी. ते जबाब आज इतिहासकारांना हवे असतात, पण ते घेतले गेले होते त्या माणसाला हद्दीबाहेर काढण्यासाठी.

आता माढ्याचा सालगडी घ्या. त्याचीही चाकरी वर्षाचीच, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. ठरायचं धान्य, कपडा, थोडी उचल, आणि सगळं तोंडी. त्याला पोसण्याची कायदेशीर जबाबदारी कुणावरच नव्हती, म्हणून त्याचा जबाब घेण्याची गरजही कुणाला पडली नाही. दोन्हीकडचा मजूर सारखाच गरीब होता. तिथे त्याच्या गरिबीचा खर्च कुणाच्या तरी अंगावर पडत होता आणि इथे पडत नव्हता, इतकाच फरक. आपल्याकडे लिहिण्याची परंपराच नव्हती, हे स्पष्टीकरण म्हणून टिकत नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या मोडी कागदांच्या रुमालांची, म्हणजे गठ्ठ्यांची, संख्या पाहिली तरी ते गळून पडतं.

याच नियमाची दुसरी बाजू महार वतनात दिसते. वेसकरकी म्हणजे वेशीची राखण, सरकारी टपाल आणि वसूल वाहून नेणं, मेलेली जनावरं ओढणं, या कामांसाठी महार कुटुंबं गावाला बांधलेली होती, आणि मोबदल्यात हाडकी-हाडोळ्याची जमीन व बलुतं मिळे. काम करून घ्यायचं तर कोणाची पाळी कोणत्या साली, कोणाचा वाटा किती, हे लिहून ठेवणं भाग होतं. त्यामुळे वतनाच्या कागदात अमुक बिन तमुक, म्हणजे तमुकाचा मुलगा अमुक, अशा पिढ्या उतरत गेल्या. त्याच गावातल्या कुणबी किंवा धनगर भूमिहीनापेक्षा महार कुटुंबाची वंशावळ कधी कधी जास्त मागे जाते, ती यामुळेच. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते या वतनातली गुलामी ओळखून. 1958च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली, जमिनी नजराणा भरून परत देण्याचे आदेश झाले आणि त्यांचे फेरफारही झाले. ज्या साखळीनं माणूस बांधला, तिचीच नोंद आज त्याच्या नातवंडांना पुरावा म्हणून जोडावी लागते. हे वाचताना राग यावा, आणि त्या रागासकट तो कागद जपलाही जावा.

वतनाबाहेरच्या मजुरांसाठी सर्वांत मोठा आधार म्हणजे गाव नमुना 14, जन्म-मृत्यूची नोंदवही. पॅरिश रजिस्टरला आपल्याकडे जवळचं काही असेल तर हेच. पाटलाकडे वर्दी जायची आणि वहीत तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, आणि मृत्यू असेल तर कारण लिहिलं जायचं : ताप, पटकी, देवी, प्लेग. 1918च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत, एकाच घरातली माणसं लागोपाठच्या ओळींत गेलेली दिसावीत, अशी ही वही आहे. तिच्या जोडीला शाळेचं जनरल रजिस्टर, सावकारी दस्त आणि माढा तालुक्यातल्याच कुर्डुवाडीची रेल्वे आहे. 1879चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चारच जिल्ह्यांसाठी झाला; त्यानं शेतकऱ्याचे कर्जरोखे गावनिबंधकासमोर लिहून नोंदवणं सक्तीचं केलं, आणि पुष्कळ अंगठे कागदावर आले. 1897 साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाल्यावर कुर्डुवाडीत रोजगाराचं नवं ठिकाण उभं राहिलं. ज्याचा माग शिवारात तुटतो, त्याचं नाव नोकरीच्या कागदात निघू शकतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो गंभीर आहे. जन्माच्या नोंदीत बाळाचं नावच नसतं, कारण वर्दी बारशाच्या आधी जाते. आडनाव बहुधा नसतं. धोंडी, म्हादू, राणू हीच नावं आलटून पालटून येतात आणि आजोबाचं नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीनं गोंधळ वाढतो. मग ‘धोंडीस मुलगा’ हा आपलाच पूर्वज कशावरून? एका नोंदीवरून हे सांगता येत नाही, हे मान्यच करायला हवं. पण कुटुंब एका नोंदीनं सिद्ध होत नसतं. भावंडांच्या जन्मांतलं अंतर, आजोबाच्या मृत्यूचं साल, शाळेतलं वय, 1951च्या जनगणनेवेळी घरवार उतरवलेलं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, हे सगळं एकमेकांशी जुळावं लागतं. लोकसंख्येचे इतिहासकार रिग्ली, स्कोफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधली कुटुंबं पॅरिशच्या वह्यांतून पुन्हा उभी केली, ती अशाच जुळवणीवर. शाळेतल्या एकट्या जन्मतारखेवर मात्र विसंबू नये. मास्तरांनी लावलेल्या 1 जूनवर अर्धा महाराष्ट्र जन्मला आहे.

दुसरा आक्षेप असा, की या वह्या पाटील-कुलकर्ण्यांच्या नजरेनं लिहिलेल्या. बाई तर त्यात क्वचितच, आणि आली तरी अमक्याची कोम म्हणून, म्हणजे बायको म्हणून. माहेरची वंशरेषा जवळजवळ पुसलेली. हा दोष खरा आहे आणि तो कोणत्याही जुळवणीनं भरून निघत नाही. तिथे जात्यावरची आठवण, माहेरच्या गावचं नाव आणि आपल्या दक्षिण सीमेवर वंशावळी सांगत फिरणारे हेळवी यांचाच आधार घ्यावा लागतो. पण तोंडी स्मृती पुरेशी आहे, कागद कशाला, असं म्हणणाऱ्यांना विचारावं, की जात पडताळणी समितीपुढे ती चालते का? अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासांसाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांपूर्वीचा पुरावा म्हटलं, की कागदच लागतो. ज्यांच्या बापजाद्यांना कागदात जागा नव्हती, त्यांच्याकडेच तो सर्वांत आग्रहानं मागितला जातो.

2023 साली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे तहसीलच्या अभिलेख कक्षांतली दप्तरं बाहेर आली. मोडी वाचणारे बसले, पानं तपासली गेली, प्रतिमा जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. शोध एकाच शब्दाचा होता, ‘कुणबी’. पण त्याच पानावर वरच्या-खालच्या ओळीत मांगाचा, रामोशाचा, कैकाड्याचा, धनगराचा जन्म आणि मृत्यू लिहिलेला आहे. पान एकदा उघडून वाचलंच आहे, तर त्यावरची प्रत्येक ओळ गाववार सूचीत यावी. सोलापूर जिल्ह्यानं हे काम माढ्यापासून सुरू करावं, आणि तोवर ज्या घरात जुना दाखला, कर्जरोखा किंवा रेल्वेचा कागद पेटीत पडून आहे, त्यांनी त्याची छायाप्रत काढून एक प्रत गावच्या शाळेत ठेवावी.