डॉक्टरांची परीक्षा कधी संपते?

उज्जैनला परीक्षेचं गाव म्हटलं तर इथल्याच लोकांना हसू येईल. आमचं गाव महाकालाचं, क्षिप्रेचं, बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थाचं. पण साधारण अकराशे वर्षांपूर्वी राजशेखरानं ‘काव्यमीमांसा’ लिहिली, तिच्यात एक ऐकीव गोष्ट नोंदवून ठेवली आहे. उज्जयिनीत म्हणे कवींची परीक्षा होत असे. तिथं पारखल्या गेलेल्यांत तो कालिदासाचं नाव घेतो, भारवीचंही घेतो. शास्त्रकारांची परीक्षा पाटलिपुत्रात आणि कवींची आमच्या गावात. एकदा पारखलेल्या कवीला पुन्हा बोलावलं, असं मात्र तो कुठं लिहीत नाही.

याच गावात दुसऱ्या तऱ्हेची परीक्षाही चालत आली आहे. सवाई जयसिंहानं अठराव्या शतकात इथं वेधशाळा बांधली. पाहुणे आले की आपण त्यांना सम्राट यंत्र दाखवतो, सावलीवरून वेळ सांगतो आणि घरी येतो. पण ती बांधावी का लागली? तर जुन्या कोष्टकांवरून गणित केलं की ग्रह जिथं असायला हवा, तिथं तो आकाशात दिसेना. कोष्टकं करणारे काही अडाणी नव्हते. त्यांच्या काळी ती बरोबरच होती, पण वर्षाला चिमूटभर फरक साठत जातो आणि शे-दोनशे वर्षांनी तो डोळ्यांना दिसतो. म्हणून पुन्हा पुन्हा वेध घ्यायचा आणि आकडे सुधारायचे. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये या पडीक यंत्रांची दुरुस्ती करून घेतली आणि हे काम परत सुरू झालं.

आता मला विचारायचं आहे ते आपल्या डॉक्टरांबद्दल. त्यांची विद्या कवीसारखी एकदा पारखली की झालं, की ग्रहांच्या कोष्टकासारखी अधूनमधून आकाशाशी ताडून बघावी लागते?

आपले जुने ग्रंथ या बाबतीत फार व्यवहारी आहेत. सुश्रुत सांगतो, की वैद्यानं ग्रंथ शिकावा, प्रत्यक्ष कर्म शिकावं आणि मग राजाची परवानगी घेऊनच धंद्यात उतरावं. हाताच्या सरावासाठी त्यानं चक्क आपल्या भाजीच्या टोपलीतल्या वस्तू सांगितल्या आहेत: कोहळा, दुधी, काकडी. यांवर छेद घ्यायला शिका, मग माणसाला हात लावा! पुष्कळ वाचलेला पण हाताला सवय नसलेला वैद्य कामाला अयोग्य, असं त्याचं स्पष्ट मत. तरी ही झाली सुरुवातीची परीक्षा. चरकसंहितेच्या विमानस्थानात पुढची सोय आहे, तिचं नाव ‘तद्विद्यसंभाषा’. म्हणजे त्याच विद्येतल्या दुसऱ्या वैद्याशी बसून चर्चा करायची. एक चर्चा सलोख्याची, दुसरी हमरीतुमरीची, दोन्हींचे नियम दिले आहेत. अशानं ज्ञान वाढतं, शंका फिटतात आणि ऐकलेलं पक्कं होतं, असं तिथं म्हटलं आहे. शिकून बाहेर पडलेला वैद्यही विसरतो, हे त्या लोकांनी धरूनच चालवलं होतं.

इंग्रजी वैद्यक आपल्याकडं आलं तेव्हा मात्र सगळा भर शेवटच्या परीक्षेवर पडला. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये निघालं, १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात भाऊ दाजी होते. १९१२ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा होऊन डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. परीक्षा पास झालात, नोंदवहीत नाव लागलं, की जन्माची चिंता मिटली.

आनंदीबाई जोशी सगळ्यांना माहीत आहेत. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्यांना पदवी मिळाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. पण मला इथं रखमाबाई आठवतात, कारण त्यांना आयुष्य मिळालं. १८९४ च्या सुमारास त्या लंडनहून शिकून परतल्या, सुरतेला बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या, पुढं राजकोटला गेल्या. तीसहून जास्त वर्षं काम केलं. या तीस वर्षांत काय काय झालं बघा. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले. १८९७ मध्ये हाफकिननं मुंबईत प्लेगची लस तयार केली. १९२२ मध्ये मधुमेहाच्या रोग्याला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. लंडनमध्ये त्यांनी दिलेल्या एकाही पेपरात यातलं अक्षर असणं शक्य नव्हतं. पुढं जे आलं ते त्यांच्या पिढीनं मासिकं वाचून, एकमेकांना विचारून आपापल्या हौशीनं शिकायचं. ज्यांना हौस नव्हती त्यांनी काय केलं असेल, याचा विचार करावासा वाटत नाही. त्यांना विचारणारं कुणीच नव्हतं.

हा प्रश्न अमेरिकेनं आधी अंगावर घेतला. तिथं डॉक्टरकीचा परवाना प्रत्येक राज्य देतं. त्याच्यावर आणखी एक शिक्का असतो तो स्पेशालिस्टचा, आणि तो त्या त्या शाखेचं बोर्ड देतं. पहिलं बोर्ड डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९१६ मध्ये काढलं. आज अशी २४ बोर्डं आहेत. शिक्का घेण्याची सक्ती कायद्यात नाही, पण इस्पितळं आणि विमा कंपन्या तो मागतात, म्हणजे सक्तीच म्हणायची. सुरुवातीला हा शिक्काही जन्मभराचा होता. १९६९ मध्ये कुटुंब-डॉक्टरांचं बोर्ड निघालं, त्यानं पहिल्यांदा ठरवलं की आमचं प्रमाणपत्र ठरावीक वर्षांनी संपेल, पुन्हा परीक्षेला बसा. फिजिशियन लोकांच्या बोर्डानं १९९० पासून दहा वर्षांची मुदत घातली. मात्र त्याआधी ज्यांना प्रमाणपत्र मिळालं होतं त्यांचं जन्मभराचं तसंच ठेवलं. म्हणजे सासूला सूट आणि सुनेला नियम! खरं तर ज्यांना शिकून जास्त वर्षं झाली त्यांनाच उजळणीची गरज जास्त, पण घर कुठलंही असो, नियम असेच होतात.

दहा वर्षांनी एक दिवसभराची परीक्षा. पन्नाशीतल्या डॉक्टरांनी रजा काढून क्लास लावायचे, परीक्षा केंद्रात जाऊन बसायचं, घोकलेलं लिहायचं आणि महिन्याभरात विसरायचं. वर फी भरायची. २०१४ मध्ये बोर्डानं आणखी अटी वाढवल्या तेव्हा डॉक्टर उसळले. हजारो सह्यांचं निवेदन गेलं. २०१५ च्या फेब्रुवारीत बोर्डानं जाहीर पत्र काढून आमचं चुकलं असं सांगितलं आणि काही अटी मागं घेतल्या. एवढी मोठी संस्था चुकलं म्हणते हे आपल्याकडं सवयीचं नाही, म्हणून मी ते मुद्दाम लिहिते आहे.

वाट दाखवली ती भूल देणाऱ्या डॉक्टरांनी. त्यांच्या बोर्डानं २०१४ मध्ये प्रयोग करून पाहिला आणि २०१६ पासून दहा वर्षांची परीक्षाच काढून टाकली. तिच्या जागी दर तीन महिन्यांना तीस प्रश्न, घरबसल्या, फोनवर किंवा कॉम्प्युटरवर. एका प्रश्नाला एक मिनिट. भूल देणाऱ्याला टेबलावर विचार करायला तेवढाच वेळ मिळतो, हेही खरंच. मुलांच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये आपली पद्धत आणली. फिजिशियनच्या बोर्डानं २०२२ मध्ये आणली.

माझ्या बहिणीची मुलगी न्यू जर्सीत फिजिशियन आहे. फोनवर बोलता बोलता एकदा म्हणाली, “मावशी, आज रात्री माझे प्रश्न आहेत. उद्या बोलू.” या वयात कसले प्रश्न, म्हणून मी खोदून खोदून विचारलं. पाच वर्षांची फेरी असते. दर तिमाहीला तीस म्हणजे एकूण सहाशे प्रश्न, त्यातले शंभरपर्यंत सोडता येतात. एका प्रश्नाला चार मिनिटं. पुस्तक बघितलं तरी चालतं, इंटरनेट चालतं, दुसऱ्या माणसाला विचारणं मात्र चालत नाही. उत्तर दिलं की बहुतेक वेळा लगेच समोर येतं, बरोबर की चूक, का, आणि कुठं वाचायचं. निकाल लागतो तो पाच वर्षांच्या एकूण गुणांवर. “पुस्तक उघडून मग परीक्षा कसली गं?” मी म्हटलं. ती म्हणाली, “पेशंट समोर असतो तेव्हाही मी पुस्तक उघडतेच की. पुस्तक कुठलं उघडायचं ते कळायला हवं.”

मला तिचं म्हणणं पटलं. उत्तर चुकलं त्याच क्षणी बरोबर काय ते कळलं, तर ते डोक्यात राहतं. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं स्वतःवरच प्रयोग केले. निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि किती वेळात किती विसरतो ते मोजायचं. १८८५ मध्ये त्यानं ते छापलं. पाठ केल्यावर पहिल्या काही तासांतच विसरणं सर्वांत जास्त, आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांच्या अंतरानं उजळणी केलेली जास्त टिकते. आपल्या पाठशाळेत भक्तामराचा नवा श्लोक देण्याआधी मागचे चार म्हणून दाखवायला लावत, ते काही जर्मन पुस्तक वाचून नव्हे.

तक्रारी आहेतच, आणि सगळ्या रडक्या नाहीत. पेशंटचं यानं नक्की किती भलं होतं, हा वाद तिथल्या डॉक्टरांत अजून मिटलेला नाही. फोनवरचे प्रश्न डॉक्टरचा हात बघत नाहीत. घाबरलेल्या बाईचं तो ऐकून घेतो की तिचं वाक्य तोडतो, हेही त्यांना दिसत नाही. शिवाय रात्री मुलं झोपल्यावर प्रश्न सोडवायला बसते ती बहुधा डॉक्टर आईच.

तरीही मी या पद्धतीच्या बाजूची आहे, आणि त्याचं कारण आपल्या सगळ्यांच्या वयाशी जोडलेलं आहे. पाळी जाण्याच्या वेळी अंगाला गरम वाफा येतात, रात्री घाम फुटतो, झोप उडते. त्यावर हार्मोनच्या गोळ्या आहेत. ऐंशी-नव्वदच्या दशकात शिकलेल्या डॉक्टरांना अमेरिकेतून येणाऱ्या पुस्तकांनी सांगितलं होतं, की या गोळ्या हृदयाचंही रक्षण करतात. मग तिथं १६,६०८ बायकांवर मोठा अभ्यास झाला आणि जुलै २००२ मध्ये तो मध्येच थांबवावा लागला. गोळ्या घेणाऱ्यांत स्तनांचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात आणि रक्ताच्या गाठी वाढलेल्या दिसल्या. जगभर घबराट झाली, गोळ्या बंद झाल्या. पुढं त्याच आकड्यांचा वयाप्रमाणं पुन्हा विचार झाला. अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं! पाळी नुकतीच गेलेल्या, साठीच्या आतल्या, फार त्रास होणाऱ्या आणि दुसरा धोका नसलेल्या बाईला गोळ्यांचा फायदा तोट्यापेक्षा जास्त असू शकतो, असं मत मग ठरत गेलं.

म्हणजे वीस वर्षांत कोष्टक दोनदा बदललं. १९९५ मध्ये थांबलेला डॉक्टर सरसकट गोळ्या देईल. २००२ मध्ये थांबलेला कुणालाच देणार नाही आणि “वयानुसार होतंच, सहन करा” म्हणून घरी पाठवील. दोघंही हुशार, दोघंही मनानं चांगले, दोघांच्या भिंतीवर पदव्या. आपण मात्र केस पिकलेले बघून विश्वास टाकतो. २००५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी अशा ६२ अभ्यासांची छाननी केली. डॉक्टरची वर्षं वाढतात तसं काम घसरत जातं, असं त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त अभ्यासांत निघालं होतं. अनुभव वाया जातो असा याचा अर्थ मी करत नाही. नवं कळलं नाही तर तोच अनुभव जुन्या चुकीला पक्कं करत असावा.

आपल्याकडं काय आहे? स्पेशालिस्टांच्या परीक्षा घेणारं राष्ट्रीय बोर्ड १९७५ पासून आहे, पण त्यानं दिलेली पदवी जन्मभराची, विद्यापीठाची एमडीही जन्मभराची. डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे नियम आहेत, त्यात दर पाच वर्षांत तीस तास शिक्षण घ्यावं असं लिहिलं आहे. महाराष्ट्रात मेडिकल कौन्सिल हे मनावर घेतं. पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर तीस क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. पण ते मिळतात परिषदेला बसल्याचे. भाषण ऐकलं की डुलकी काढली, की नाव नोंदवून थेट जेवणाच्या रांगेत गेला, याचा हिशेब कुणी मागत नाही. चार मिनिटांचा एक प्रश्नसुद्धा नाही.

२ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय आयोगानं नवे नियम काढले, त्यातही हे शिक्षण होतंच. पण त्याच नियमांत औषधं कंपनीच्या नावाऐवजी मूळ नावानं लिहा, असंही होतं. त्यावरून गदारोळ झाला आणि २३ ऑगस्टला सगळेच नियम स्थगित होऊन २००२ चे परत लागू झाले. तीन आठवड्यांच्या त्या सगळ्या भांडणात औषधांच्या नावांवर बोललं गेलं, कंपन्यांच्या मेजवान्यांवर बोललं गेलं. तीस तासांत डॉक्टर काय शिकले ते कोण विचारणार, यावर माझ्या वाचनात तरी काही आलं नाही. महाराष्ट्रात नूतनीकरणाच्या अर्जाला पूर्वीसारखीच हजेरीची प्रमाणपत्रं जोडली जातात.