यूऽ यूऽ आणि भाकरीचा तुकडा

माळेगावची खंडोबाची जत्रा म्हटलं की लोकांना घोडे, गाढवं नि लाल कंधारी बैल आठवतात. लोहा तालुक्यातल्या या जत्रेत मार्गशीर्षात कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं, असं पुण्याच्या पाहुण्यांना सांगितलं की ते हसतात. हसायचं काय त्यात? खंडोबाजवळ कुत्रा असतोच, आणि त्याचे जुने भक्त, वाघे, तर कुत्र्यासारखे भुंकत कोटंब्यातलं, म्हणजे भिक्षापात्रातलं, खायचे.

त्या प्रदर्शनात माझी नजर करवानीवर असते. लांब नाक, खोल छाती, पाठीला चिकटलेलं पोट. हा कुत्रा आमच्याकडं लमाण तांड्यांचा म्हणूनच ओळखला जातो. धान्य आणि मिठाची लदेणी घेऊन हे तांडे दख्खनभर फिरत, मोगल फौजांनाही रसद पुरवत. विसाव्या शतकाच्या तोंडावर निजामाची गोदावरी खोऱ्यातली रेल्वे उमरीवरून मनमाडला गेली, आणि आधीच खचलेली लदेणी बसली. कुत्रा मात्र शिवारात राहिला, सशांमागं धावायला. याच घाटाचे कुत्रे मुधोळच्या घोरपड्यांनी पंचम जॉर्जला भेट दिले होते.

करवानीला मारून शिकवता येत नाही, असं आमचा आजा म्हणायचा. कारण साधं होतं. हा नजरेनं शिकार करणारा गडी. ससा दिसला की कुत्रा बघता बघता दिसेनासा होतो, आणि परत यायचं की नाही ते तिथं तोच ठरवतो. मार खाल्लेला कशाला येईल? म्हणून आजा पिल्लापासूनच 'यूऽ यूऽ' करायचा. पिल्लू आलं की दुधात बुडवलेला जवारीच्या भाकरीचा तुकडा तोंडात, तोही लगेच. जरा उशीर झाला तर तुकडा कशाबद्दल मिळाला हेच त्याला कळत नाही. पुढं हाक पक्की झाली की तुकडा कधी द्यायचा, कधी नुसतंच मानेवरून हात फिरवायचा.

तिकडं अमेरिकेत 1898 मध्ये मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकनं मांजरांना पेटीत कोंडून हेच तपासलं: ज्याचं फळ गोड, ते जनावर पुन्हा करतं. पुढं मानसशास्त्रज्ञ स्किनरनं 1938 च्या पुस्तकात त्याचं शास्त्र मांडलं. प्राणी शिकवणाऱ्या करेन प्रायरबाईंच्या 1984 च्या पुस्तकानं ते घरोघरच्या कुत्र्यांपर्यंत नेलं. मधल्या काळात गाजली ती कोनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्याची 1910 ची पद्धत, तीत झटका आणि सक्ती भरपूर.

आमच्याकडं सगळेच आजासारखे नव्हते, हेही खरं. तुकडा शिकारीच्या कुत्र्याला. गावकुत्र्याच्या वाट्याला 'हाड' आणि दगड. अपवाद आमच्या मराठवाड्यातल्या नरसीच्या नामदेवांचा. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं ते तूप घेऊन धावले, अशी कथा आहे. भक्ती म्हणून थोर, पण आजाच्या हिशेबानं चोरीलाच बक्षीस!

वन्यजीव कायद्यानं सशाची शिकार बंद केली, ते योग्यच झालं. पण करवानीचं काम गेलं आणि बरेच कुत्रे साखळीला आले. जत्रेत देखण्या कुत्र्याला मान मिळतो. आयोजकांना माझं सांगणं एवढंच: छाती-उंची बघून झाली की त्याला मोकळ्या मैदानात सोडा आणि मालकाला एक हाक मारायला लावा. जो वळून येईल, त्याचाही एक नंबर काढा.