राउटरचा दिंडी दरवाजा : घरातील फाइली जगापुढे उघड्या कशा पडल्या?

१/ फेब्रुवारी २०१४. अनेक घरांतील हार्डडिस्कवर एक अनोळखी फाइल आढळली. घरातील कुणीही ती लिहिलेली नव्हती. मजकुराचा आशय असा : तुमचा आसूस राउटर आणि तुमची कागदपत्रे जगात इंटरनेट असलेल्या कुणालाही पाहता येतात. इशारा देणारा स्वतःच त्या उघड्या दारातून आत आला होता.

२/ बऱ्याच ठिकाणी हे दार कुणी फोडले नव्हते. ते पहिल्या दिवसापासून उघडेच होते. असे का झाले, हे समजण्यासाठी ४३ वर्षे मागे जावे लागते. हा धागा त्याविषयी.

३/ १९७१. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवर तेव्हा अमेरिकेतील मोजकी विद्यापीठे व संशोधनसंस्था होत्या. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर अभय भूषण तेव्हा एमआयटीत होते. १६ एप्रिल रोजी त्यांचा ‘आरएफसी ११४’ हा मसुदा प्रसृत झाला. दूरच्या संगणकावरील फाइल मागवण्याची आणि तेथे फाइल पाठवण्याची सामाईक रीत त्यात मांडली होती. हाच एफटीपीचा, म्हणजे फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉलचा, आरंभ.

४/ ही रीत परस्परांना ओळखणाऱ्यांच्या जगात जन्मली. म्हणून एफटीपीत पासवर्डही उघड्या अक्षरांत तारेवरून जाई. पुढे ‘अनॉनिमस’ नावाने कुणालाही प्रवेश देण्याची प्रथा पडली आणि तिच्यामुळे संशोधनलेख व सॉफ्टवेअर मुक्तपणे वाटले गेले. त्या काळाच्या चौकटीत हा दोष नव्हता. ते औदार्य होते.

५/ १९९०च्या दशकात निराळीच अडचण उभी राहिली. इंटरनेटचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसू लागले. मे १९९४ मध्ये ‘आरएफसी १६३१’ने तोडगा सुचवला : अनेक संगणकांनी मिळून मोजके सार्वजनिक पत्ते वापरावेत आणि मधल्या यंत्राने पत्त्यांची अदलाबदल करावी. या तोडग्याचे नाव नॅट. घरोघरचा राउटर आजही हेच काम करतो.

६/ याचा एक आनुषंगिक परिणाम झाला. बाहेरून आलेली आगंतुक विनंती आत कोणत्या संगणकाकडे द्यायची, हे राउटरला ठाऊक नसते. म्हणून ती दारातच थांबते. पत्त्यांच्या टंचाईतून अशी एक तटबंदी उभी राहिली. संरक्षण हा तिचा मूळ हेतू नव्हता, पण लोक तिच्या आडोशाने निर्धास्त राहू लागले.

७/ अडचण इतकीच की घरमालकही कधी तटाबाहेर असतो. कार्यालयातून किंवा परगावाहून त्याला घरची फाइल हवी असते. त्यासाठी तटाला दिंडी दरवाजा पाडावा लागे : राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग आणि बदलत्या पत्त्याला स्थिर नाव देणारी डायनॅमिक डीएनएस सेवा. काम किचकट होते. मात्र ते करणाऱ्याला आपण कोणते दार उघडतो आहोत, याची बहुधा जाण असे.

८/ पुढे राउटरलाच यूएसबी पोर्ट आला. त्यात हार्डडिस्क खोचली की घरचा स्वतंत्र ‘क्लाउड’ तयार. तैवानच्या आसूस कंपनीने यासाठी एआयडिस्क आणि एआयक्लाउड या सुविधा दिल्या. एआयडिस्कच्या मुळाशी होता तोच १९७१चा एफटीपी.

९/ या प्रकरणातील कळीचा दस्तऐवज म्हणजे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचे (एफटीसी) तक्रारपत्र. त्यानुसार एआयडिस्क सुरू करताना आधीच निवडून ठेवलेला पर्याय होता अमर्याद प्रवेशाचा. राउटरचा पत्ता हाती असलेल्या कुणालाही पासवर्डविना डिस्क खुली! मर्यादित प्रवेश निवडला, तरी नाव ‘फॅमिली’ आणि पासवर्डही ‘फॅमिली’ असे आधीच भरलेले.

१०/ एआयक्लाउडची गोष्ट वेगळी. तेथे कुलूप होते, पण ठरावीक वेबपत्ता टाकला की ते ओलांडता येई. २०१३च्या मध्यास एका सुरक्षा संशोधकाने हे दोष जाहीर केले होते. त्यावर कंपनीने वेळीच पावले उचलली नाहीत, असे एफटीसीचे म्हणणे. शिवाय नवे फर्मवेअर उपलब्ध असतानाही ‘तुमचा राउटर अद्ययावत आहे’ असे राउटरच अनेकदा सांगत असे.

११/ फेब्रुवारी २०१४ मध्ये १२,९०० हून अधिक ग्राहकांच्या डिस्कपर्यंत अनधिकृत हात पोहोचले. डिस्कवरील प्राप्तिकर विवरणपत्रे चोरांच्या हाती लागून आपली ओळख वापरली गेली, अशी एका ग्राहकाची तक्रार होती. घरातील कपाटात जे कुलपात राहिले असते, ते येथे खुले पडले होते.

१२/ फेब्रुवारी २०१६ मध्ये तडजोड झाली. कंपनीने सर्वंकष सुरक्षा कार्यक्रम राबवावा आणि २० वर्षे त्याची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी, असे ठरले. १ जानेवारी २०२० पासून कॅलिफोर्नियात आणि २९ एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये, इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या उपकरणांच्या सरसकट एकाच पासवर्डला कायद्याने मनाई झाली. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपीला निरोप दिला.

१३/ या इतिहासात एकच खलनायक शोधणे व्यर्थ आहे. भूषण यांच्या पिढीचा विश्वास त्यांच्या छोट्या जगात रास्त होता. नॅटने पत्ते वाचवले. घरबसल्या क्लाउड देण्याची कल्पनाही उपयुक्तच. बिघडले ते पर्यायाच्या त्या एका आधीच भरलेल्या चौकटीत. मोजक्या संस्थांमधला विश्वास तिच्यातून हजारो घरांवर लादला गेला, आणि तोही घरमालकाला न विचारता.

१४/ म्हणून अशा यंत्रांचा इतिहास वाचताना शोध कुणी लावला याबरोबरच डीफॉल्ट कुणी ठरवले, हेही विचारावे. घरच्या राउटरला डिस्क जोडलेली असेल, तर हा प्रश्न आजचाच आहे : बाहेरचा प्रवेश चालू आहे का? पासवर्ड स्वतः ठरवलेला आहे का? बाहेरून फाइल हवीच असेल, तर एफटीपीचे दार बंद करून व्हीपीएनच्या वाटेने आत यावे.