किती लेन्स न्यायच्या? फाळक्यांकडून शिकूया

फोटोवॉक ठरला की आमच्या ग्रुपवर एकच वाद: दोन लेन्स की तीन? ट्रायपॉड घ्यायचा का? मी बोलतोय देवळाली कॅम्पातून. इथून तासाभरावर त्र्यंबकेश्वर. दादासाहेब फाळके १८७० मध्ये तिथेच जन्मले.

१९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेतला. पण नुसत्या कॅमेऱ्याने भागणार नव्हतं. कच्ची फिल्म भोकांशिवाय यायची. म्हणून भोकं पाडायचं यंत्र घेतलं, डेव्हलपिंग आणि प्रिंटिंगचं सामानही. एवढा पसारा शूटिंगला न्यायचा? गरजच नव्हती. भोकं पाडणं, फिल्म धुणं ही अंधारातली कामं दादरच्या घरी व्हायची, आणि त्यात सरस्वतीबाईंचा मोठा हात होता.

बाहेर खरी चिंता फिल्मची. एका फुटात १६ फ्रेम. सेकंदाला १६ फ्रेमने हँडल फिरवलं, तर १०० फूट १०० सेकंदांत खलास! ३ मे १९१३ ला लागलेला 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा होता.

म्हणून माझा नियम सोपा आहे. जे काम घरी होतं, त्याचं सामान घरीच. जे तिथे संपलं तर फोटो कायमचा हुकतो, ते जास्तीचं घ्या: बॅटरी आणि मेमरी कार्ड. लेन्स एकच पुरते. खांदा दुखायला लागला की कॅमेरा बॅगेतून बाहेरच येत नाही, हो ना?

आणि हो, कॅम्पात लष्करी हद्दीतला फोटोबंदीचा बोर्ड दिसला, तर कॅमेरा बॅगेतच ठेवा.