रिकाम्या संगणकांच्या शोधात निघालेला प्रोग्राम

(१/७) एका संगणकावर कामाचा ढीग आणि शेजारचा रिकामा. मग प्रोग्रामनेच उठून तिकडे जावे, ही कल्पना अर्धशतकाहून जुनी आहे. १९७१ साली अमेरिकेतील बीबीएन कंपनीत बॉब थॉमस यांनी लिहिलेला ‘क्रीपर’ आर्पानेटवरून एका यंत्रावरून दुसऱ्यावर जात असे. पण अशा पाहुण्याला आवरायचे कसे?

(२/७) हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला तो कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात. तेथे इथरनेटने जोडलेले सुमारे १०० ‘आल्टो’ संगणक होते. रात्री माणसे घरी गेली की ते नुसते पडून असत. ही वाया जाणारी शक्ती वापरण्याचे जॉन शॉक आणि जॉन हप यांनी ठरवले.

(३/७) त्यांच्या प्रोग्रामचे नाव ‘वर्म’, म्हणजे किडा. जॉन ब्रनर यांच्या १९७५ मधील कादंबरीतून ते घेतले होते. या किड्याचा एकेक खंड एकेका संगणकावर चाले. एखादा खंड बंद पडला, तर उरलेले खंड दुसरे रिकामे यंत्र शोधून त्याची उणीव भरून काढत. दुसऱ्याच्या डिस्कवर मात्र काही लिहायचे नाही, हे पथ्य होते.

(४/७) एके रात्री एक छोटा वर्म चालू ठेवून मंडळी घरी गेली. सकाळी पाहतात तो इमारतभर संगणक ठप्प! पुन्हा सुरू करावा, तर वर्म परत त्यात शिरे आणि यंत्र परत बंद पडे. वाटेत प्रोग्रामची प्रत बिघडली असावी, असा त्यांचा तर्क होता. त्यात काही यंत्रे कुलूपबंद खोल्यांत होती.

(५/७) सुदैवाने एक तरतूद आधीच करून ठेवली होती. नेटवर्कवर विशिष्ट संदेश सोडला की सारे खंड थांबत. तो सोडला आणि वर्म शांत झाला. मार्च १९८२ मध्ये दोघांनी ही फजिती आपल्या शोधनिबंधात मोकळेपणाने नोंदवली.

(६/७) १९८८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ‘कॉन्डोर’ने हाच विचार शिस्तीत बसवला. संगणकाचा मालक परतला की पाहुणे काम आहे त्या टप्प्यावर जतन होऊन अन्यत्र जाई. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला रॉबर्ट मॉरिसचा वर्म विनापरवाना हजारो संगणकांत शिरला. एकेका यंत्रावर त्याच्या प्रती साचल्या आणि त्या ओझ्याने यंत्रे मंदावली.

(७/७) पुढे १९९० च्या दशकात जनरल मॅजिक कंपनीच्या ‘टेलिस्क्रिप्ट’ भाषेत फिरत्या एजंटाला परवाना देण्यात आला. त्याने यजमानाकडची किती साधने वापरावीत, याची मर्यादा त्यात असे. भार वाटून घेण्याचे तंत्र पार्कमध्ये आधीच साधले होते. यजमानाची संमती आणि पाहुण्याला थांबवण्याची सोय यांचे मोल मात्र अशा अनुभवांतूनच कळत गेले.