जुन्या संगणकाचे दुखणे : ब्राउझर आणि अटॅचमेंट

अर्ज भरण्याची शेवटची तारीख असते, पडद्यावरचा अर्ज निम्मा भरून झालेला असतो आणि ब्राउझरची खिडकी अचानक नाहीशी होते. किंवा परगावाहून आलेल्या ई-मेलला जोडलेली महत्त्वाची फाइल काही केल्या उघडत नाही. सात-आठ वर्षे वा त्याहून अधिक काळ वापरात असलेल्या संगणकांवर हे प्रसंग नित्याचे आहेत. अशा वेळी दोष सरसकट व्हायरसच्या माथी मारला जातो आणि संपूर्ण संगणक 'फॉरमॅट' करण्याचा सल्ला दिला जातो. त्यात घरातील छायाचित्रे व कागदपत्रे कायमची नष्ट होण्याचा धोका असतो. वास्तविक बहुतेक वेळा कारण साधे असते. ते क्रमाक्रमाने शोधल्यास उपाय घरच्या घरी करता येतो.

मात्र कोणत्याही दुरुस्तीपूर्वी आवश्यक फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरील हार्ड डिस्कवर काढून ठेवावी. जुन्या यंत्रात हार्ड डिस्कच निकामी होत चाललेली असण्याची शक्यता असते.

ब्राउझर का बंद पडतो?

पहिले कारण रॅमची कमतरता. विंडोज ७ ही कार्यप्रणाली २००९ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्या ३२ बिट आवृत्तीसाठी १ जीबी रॅम ही किमान अट होती. आजची संकेतस्थळे चित्रे, चलच्चित्रे आणि जाहिरातींनी भरलेली असल्याने तेवढ्या रॅममध्ये त्यांचा निभाव लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्यास 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यात स्मृतीचा वापर सतत कमाल मर्यादेला टेकलेला दिसला, तर एका वेळी दोन-तीनच टॅब उघडे ठेवावेत. रॅम अपुरी पडली की विंडोज हार्ड डिस्कवरील मोकळ्या जागेचा तात्पुरता आधार घेते. म्हणून 'सी' ड्राइव्हवर काही जीबी जागा मोकळी असणे आवश्यक असते.

दुसरे कारण एक्स्टेन्शन, म्हणजेच ब्राउझरला जोडलेले लहान प्रोग्रॅम. याची परीक्षा सोपी आहे. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि 'एन' दाबून 'इनकॉग्निटो' खिडकी उघडावी. खास परवानगी दिलेली नसल्यास या खिडकीत एक्स्टेन्शन चालत नाहीत. फायरफॉक्स सुरू करताना शिफ्ट कळ दाबून धरल्यास तो दुरुस्ती-अवस्थेत उघडण्याचा पर्याय देतो. या अवस्थेत संकेतस्थळ सुरळीत चालले, तर सर्व एक्स्टेन्शन बंद करून ती एकेक सुरू करत जावी. ज्याच्यामुळे बिघाड परततो, ते काढून टाकावे.

तिसरे कारण साठलेली 'कॅशे'. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबल्यावर येणाऱ्या चौकटीत केवळ कॅशे पुसण्याचा पर्याय निवडावा. साठवलेले पासवर्ड पुसले जाणार नाहीत, याची खात्री केल्याखेरीज पुढे जाऊ नये. चित्रे किंवा व्हिडिओ सुरू होताच ब्राउझर बंद पडत असेल, तर सेटिंगमधील 'हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन' हा पर्याय बंद करून पाहावा. जुन्या ग्राफिक्स कार्डाचा आणि नव्या ब्राउझरचा मेळ न बसल्याने हा दोष उद्भवतो.

इतके करूनही ब्राउझरबरोबर अन्य प्रोग्रॅमही बंद पडत असतील, तर संशय रॅमच्या पट्टीवर घ्यावा. विंडोजमधील 'मेमरी डायग्नोस्टिक' ही सुविधा तिची तपासणी करून देते.

घड्याळ चुकले, संकेतस्थळ अडले

कधी ब्राउझर बंद पडत नाही, पण प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याचा इशारा देतो. अशा वेळी प्रथम पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सेल संपला की संगणक बंद करताच घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राला ठरावीक मुदत असते. संगणकाच्या तारखेनुसार ती मुदत सुरूच झालेली नसते, म्हणून ब्राउझर प्रवेश नाकारतो. बहुतेक डेस्कटॉपमध्ये 'सीआर २०३२' हा सेल असतो. तो बदलून तारीख-वेळ नीट लावली की अडचण दूर होते.

तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल, तर ब्राउझर कालबाह्य झालेला असू शकतो. विंडोज एक्सपी व व्हिस्टावर चालणारी क्रोमची अखेरची आवृत्ती ४९ होती. विंडोज ७ आणि ८.१ साठी ती १०९ ठरली. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेली पुढची आवृत्ती या प्रणालींवर चालत नाही. इंटरनेट एक्सप्लोरर ११ तर विंडोज १० वरून १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला.

अटॅचमेंट का जात नाही?

ई-मेलची मूळ रचना साध्या इंग्रजी मजकुरासाठी झाली होती. चित्रे व अन्य फाइली जोडण्याची 'माइम' ही प्रमाणपद्धत १९९२ मध्ये आली. तिच्यात सामान्यतः फाइलीतील दर तीन बाइटचे रूपांतर चार अक्षरांत केले जाते. त्यामुळे पाठवताना फाइलीचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. ८ एमबीची फाइल प्रत्यक्ष प्रवासात ११ एमबीच्या घरात जाते आणि समोरच्या सर्व्हरची मर्यादा १० एमबी असल्यास परत येते. जीमेलवरून पाठवण्याची मर्यादा २५ एमबी आहे. त्याहून मोठी फाइल ड्राइव्हच्या दुव्याने पाठवली जाते. छायाचित्रांचा आकार आधी लहान करून घेणे, हा यावरचा उत्तम मार्ग होय.

आउटलुक एक्स्प्रेससारख्या जुन्या प्रोग्रॅममधून जीमेलची पत्रेच येणे थांबले असेल, तर त्याचे कारण संगणकात नाही. केवळ नाव आणि पासवर्ड देऊन जुन्या प्रोग्रॅमने प्रवेश करण्याची सोय वैयक्तिक खात्यांसाठी २०२२ मध्ये काढून घेण्यात आली. अशा वेळी ब्राउझरमधूनच पत्रे पाहणे श्रेयस्कर.

आलेली फाइल उघडत नाही, तेव्हा

प्रथम फाइलीच्या नावातील शेवटची अक्षरे पाहावीत. ती 'डॉकएक्स' असल्यास फाइल वर्ड २००७ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीत तयार झालेली असते. जुन्या वर्डमध्ये ती थेट उघडत नाही. विनामूल्य मिळणारे लिब्रेऑफिस हे काम करते. आयफोनवरून आलेले छायाचित्र 'एचईआयसी' या प्रकारचे असल्यास पाठवणाऱ्याकडून 'जेपीजी' प्रत मागवावी. 'विनमेल डॉट डॅट' नावाची फाइल आली, तर ती पाठवणाऱ्याच्या आउटलुकची करामत असते. पत्र साध्या किंवा 'एचटीएमएल' स्वरूपात पुन्हा पाठवण्यास सांगावे.

मराठी मजकुराची अडचण निराळी आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या अनेक फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट संगणकावर नसला की पत्रिकेच्या किंवा दस्तऐवजाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो. फाइल खराब झालेली नसते. पाठवणाऱ्याने फॉन्टसह पीडीएफ करून दिल्यास मजकूर जसाच्या तसा वाचता येतो.

अनोळखी अटॅचमेंट मात्र मुळीच उघडू नये. मे २००० मध्ये जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' हा व्हायरस प्रेमपत्राच्या साध्या मजकूर-फाइलीचे रूप घेऊन आला होता. विंडोज नावातील शेवटची अक्षरे लपवत असल्याने ती फाइल म्हणजे प्रोग्रॅम आहे, हे अनेकांच्या लक्षातच आले नाही. ही अक्षरे दिसतील अशी सोय फोल्डरच्या पर्यायांत आजही करून घेता येते.

दुरुस्ती कुठवर?

विंडोज ७ ला मिळणारी सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. विंडोज १० चा नियमित पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सुरक्षा-दुरुस्ती न मिळणाऱ्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करणे, म्हणजे कुलूप गंजलेल्या दाराआड दागिने ठेवण्यासारखे आहे. यंत्र धडधाकट असेल, तर त्यावर लिनक्सची हलकी प्रणाली बसवता येते. लिनक्स मिंटसाठी किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असल्यास काम सुखाने होते. तेही शक्य नसेल, तर जुना संगणक इंटरनेटपासून तोडून लेखन, छपाई आणि जुन्या छायाचित्रांसाठी वापरावा. त्याचे आयुष्य वाढेल आणि घरातील पैसाही सुरक्षित राहील.